एका गुंठ्याचा हिशेब

तालुक्याच्या गावाकडे येणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर आज नजर टाका. उसाच्या, कापसाच्या नाहीतर पडीक रानाच्या कडेला एक फलक हमखास दिसतो. ‘एक गुंठ्यापासून प्लॉट’, ‘सुलभ हप्ते’, ‘बसस्टँडपासून पाच मिनिटे’. रानात चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या असतात, कोपऱ्याकोपऱ्याला सिमेंटचे खांब रोवलेले असतात आणि कडेला पत्र्याच्या शेडमध्ये एजंट बसलेला असतो. २०२५ सालच्या नोव्हेंबरनंतर या एजंटांच्या तोंडी एक नवे वाक्य आले आहे. ‘ताई, तुकडेबंदी उठली. आता बिनधास्त घ्या!’

खरेच उठली का हो? मैत्रिणींनो, हा प्रश्न वकिलांनी आणि पुरुषमंडळींनी चघळायचा, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कारण या प्लॉटसाठी जो पैसा जातो त्यात बायकांची भिशी असते, बचत गटाचे कर्ज असते आणि कित्येकदा गळ्यातले मंगळसूत्र सराफाकडे ठेवलेले असते. आणि त्या प्लॉटवर घर झाले की चिखल तुडवत पाणी आणायचे कामही बायकांच्याच वाट्याला येते. तेव्हा हा हिशेब आपणच मांडायला हवा.

आधी झाले काय ते पाहू. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून तुकडेबंदी कायद्यात दुरुस्ती केली. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या जवळजवळ साठ वर्षांत कायद्याच्या विरुद्ध झालेले लहान तुकड्यांचे व्यवहार कोणतेही शुल्क न घेता नियमित करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. अशी सवलत २०१७ सालीही दिली होती. पण तेव्हा जमिनीच्या सरकारी बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरावी लागे. हातावर पोट असलेल्या माणसाला ते कुठून परवडणार? म्हणून २०२४ साली ती रक्कम ५ टक्क्यांवर आणली. आता तीही माफ झाली.

ज्या बाईने वीस वर्षांपूर्वी पै पै जोडून एक गुंठा घेतला, घर बांधले, घरपट्टी भरली आणि तरीही सातबाऱ्यावर जिचे नाव कधी लागलेच नाही, तिच्यासाठी हा दिलासा आहे. याबद्दल शंका नको. नाव लागले नाही म्हणून बँक कर्ज देत नव्हती, घर विकता येत नव्हते, नवऱ्याच्या मागे वारस लावताना फेऱ्या मारून चपला झिजत होत्या. तो काच सैल होत असेल तर स्वागतच आहे.

पण एजंट जे सांगतो ते वेगळेच. सवलत आहे ती मागे होऊन गेलेल्या व्यवहारांना, आणि तीही १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या. शिवाय ती शहरांच्या आणि नगरपालिका-नगरपंचायतींच्या हद्दीतल्या, किंवा सरकारी आराखड्यात राहण्यासाठी, व्यापारासाठी वगैरे ठरलेल्या जमिनींपुरती आहे. उद्या कुणी उभ्या पिकाच्या रानात रेघा मारून गुंठा विकला तर त्याला ती लागू होत नाही. ‘कालची चूक माफ’ याचा अर्थ ‘उद्या करायला मोकळीक’ असा होत नाही, हे आपण घरात मुलांनाही सांगतोच की!

मुळात हा कायदा आला कशासाठी? १९४७ सालचा हा कायदा. बापाची दहा एकर जमीन पाच मुलांत दोन-दोन एकर होते, नातवंडांत ती गुंठ्यांवर येते आणि शेवटी बैलजोडी वळवायलाही जागा उरत नाही. अशा तुकड्यावर कुणाचेच पोट भरत नाही. म्हणून ठराविक मापाच्या खाली शेतजमिनीचा तुकडा पाडायचा नाही, असे बंधन घातले गेले. याच कायद्याखाली गावोगाव विखुरलेले तुकडे एकत्र करायची योजना राबवली आणि जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. आपल्या सातबाऱ्यावर जो ‘गट नंबर’ दिसतो, तो या योजनेतून आलेला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी ही मर्यादा बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे अशी ठरवली गेली. मार्च २०२४ मध्ये विहीर, शेताचा रस्ता आणि सरकारी योजनेतले घरकुल अशा काही कारणांसाठी त्याहून लहान तुकड्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने वाट ठेवली. बाकी शेतजमिनीला नियम आहे तसाच आहे.

म्हणजे कायदा शेती वाचवायला केला. पण गाव वाढले, तालुक्याला कॉलेज आले, एमआयडीसी आली, खेड्यातली माणसे मुलांच्या शिक्षणासाठी भाड्याने खोल्या घेऊन राहू लागली. भाड्याच्या घरात राहिलेल्या बाईला विचारा, दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवण्याचा त्रास काय असतो. आपला स्वतःचा उंबरा असावा, तुळशीला हक्काची जागा असावी, ही काही चैन नव्हे. पण या साध्या माणसांना परवडतील असे मंजूर प्लॉट पुरेसे तयार झालेच नाहीत. नगरपालिकांचे विकास आराखडे वर्षानुवर्षे रखडले, मंजुरीच्या चकरा संपेनात. लोकांना घर तर हवेच होते. मग शेतकऱ्याला पैशाची नड, एजंटला दलाली आणि गरजूला निवारा, या तिघांच्या गाठीतून गुंठेवारी जन्माला आली. नुसता कायदा करून माणसांची गरज थांबत नसते.

आता तो हिशेब. कागद-पेन्सिल घ्या, भाजीच्या हिशेबापेक्षा अवघड नाही.

एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एक एकराचे रीतसर प्लॉट पाडायचे तर आधी ले-आउट, म्हणजे अभिन्यास, मंजूर करून घ्यावा लागतो. राज्याच्या सध्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे एवढ्या जागेत दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. म्हणजे ४ गुंठे गेले. आतला रस्ता साधारणपणे ९ मीटर, म्हणजे जवळजवळ तीस फूट रुंद ठेवावा लागतो. रस्त्यांत पुन्हा ९-१० गुंठे जातात. विकायला उरले २६ गुंठे. समजा गुंठ्याचा भाव सव्वाचार लाख रुपये आहे, तर मालकाच्या हाती एक कोटी साडेदहा लाख येतात. त्यातून रस्ता, गटार, विजेचे खांब यांचा खर्च त्याने करायचा.

आता बिनमंजुरीचा प्रकार पाहा. मोकळी जागा नाही. रस्ता म्हणजे दहा फुटांची बोळकांडी. चाळीसपैकी ३७ गुंठे विकायला मोकळे. भाव सांगितला गुंठ्याला फक्त तीन लाख! सदतीस त्रिक एकशे अकरा. एक कोटी अकरा लाख रुपये, आणि खर्च जवळजवळ शून्य.

हे भाव मी समजण्यासाठी घेतले आहेत, गावागणिक ते बदलतील. पण मेख ध्यानात आली ना? विकणाऱ्याने आपल्या पदरचे काहीच सोडलेले नाही. प्लॉट स्वस्त झाला तो त्याच्या दानतीमुळे नव्हे. आपल्या दारासमोरचा रस्ता, मुलांचे मैदान आणि गटाराची जागा हे सगळे त्याने प्लॉटच्या नावाखाली आपल्यालाच विकले आहे. आपण सव्वा लाख वाचवले असे म्हणतो आणि तीस फुटी रस्ता घालवून बसतो. तो पुढे सोने विकूनही परत मिळत नाही, कारण त्या जागेवर कुणाचे तरी स्वयंपाकघर उभे असते.

दहा फुटी गल्लीत राहणे म्हणजे काय, ते त्या वसाहतींत फिरल्यावर कळते. महिला मंडळाच्या आणि बचत गटाच्या कामासाठी अशा वस्त्यांत माझे जाणे-येणे असते. घंटागाडी कोपऱ्यावर थांबते, तिथपर्यंत कचरा नेऊन टाकायचा. पाण्याचा टँकर आत वळत नाही, म्हणून पन्नास फुटांची नळी नाहीतर कमरेवर कळशी. एका घरी बाळंतपणाला आलेल्या लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा रुग्णवाहिका तोंडाशीच अडली आणि शेजारणींनी तिला खुर्चीत बसवून उचलून नेले. सांडपाण्याला वाट नाही म्हणून प्रत्येकीने दारात शोषखड्डा केलेला. पावसाळ्यात तो भरला की ते पाणी कुणाच्या अंगणात सोडायचे यावरून रोजची भांडणे. या भांडणात बायका एकमेकींना बोल लावतात. ज्याने गटाराची जागा विकली तो मात्र दुसऱ्या गावात नव्या फलकाखाली बसलेला असतो.

ही दोन-चार गावांची रड नाही. छत्रपती संभाजीनगरात शंभराहून अधिक वसाहती गुंठेवारीच्या आहेत. सांगलीत शामरावनगरसारख्या भागात दर पावसाळ्यात पाणी साचल्याच्या बातम्या आपण वाचतो. अशा वस्त्यांसाठी राज्याने २००१ साली वेगळा गुंठेवारी कायदा केला. १ जानेवारी २००१ पर्यंतची गुंठेवारी त्याने नियमित करायची होती. पुढे २०२१ साली दुरुस्ती करून ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. म्हणजे वीस वर्षांत गुंठेवारी थांबली नाही, मुदत मात्र पुढे सरकली. आणि दर वेळी सरकलेली मुदत पाहून एजंट नव्या गिऱ्हाइकाला सांगतो, ‘आज ना उद्या होतेच नियमित.’

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही, हीच अडचण आहे. कागद आज ना उद्या नियमित होतोही. पण कागदावर शिक्का बसला म्हणून गल्ली दहा फुटांची तीस फूट होत नाही. तुकडेबंदीच्या दुरुस्तीने जमिनीचा व्यवहार नियमित होईल. त्यावर बांधलेले घर, रस्ता, गटार यांचे प्रश्न वेगळेच राहतील. सरकारने शुल्क माफ केले हे चांगलेच केले. पण त्याबरोबर या वस्त्यांच्या रस्त्यांचे आणि गटारांचे काय, हे कोण सांगणार? नगरपालिका म्हणते, जागाच नाही. आणि जागा तर सदतीस गुंठ्यांत विकली गेलेली.

दुसरा एक प्रकार आपल्याकडे फार चालतो. एक गुंठ्याचे खरेदीखत होत नाही म्हणून दहा-अकरा जणांना एकत्र करून अकरा गुंठ्यांचे एकच सामाईक खरेदीखत करायचे. सातबाऱ्यावर अकरा नावे. ‘तुमचा गुंठा हा कोपऱ्यातला’ हे फक्त तोंडी, नाहीतर शंभराच्या स्टॅम्पवर. जोवर सगळे गोडीने राहतात तोवर ठीक. पण एकाला विकायचा झाला, दुसरा वारला, तिसऱ्याने कर्ज काढले की गुंता होतो. बँक म्हणते, तुमचा तुकडा कुठला ते नकाशात दाखवा. नकाशात तुकडाच नाही! मोजणी करायची तर सगळ्यांच्या सह्या हव्यात आणि एक सहीवाला गेलाय दुबईला. यात विधवा बाईची सगळ्यात जास्त ओढाताण होते. नवऱ्याने कोपरा दाखवला होता, कागदावर तो कुठेच नाही, आणि दीर म्हणतात, ‘वहिनी, तुमचा तर रस्त्यात गेला.’ जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाने असे व्यवहार मंजूर ले-आउटशिवाय नोंदवू नयेत असे परिपत्रक काढले, ते प्रकरण कोर्टात गेले आणि वाद माजला. आपण त्या वादात न पडता एवढेच लक्षात ठेवावे की खरेदीखत झाले म्हणजे तुकडा आपला झाला, असे सामाईकात होत नाही.

इथवर घेणाऱ्या बाईचे झाले. पण जमीन विकणाऱ्या घरातही बायका असतात, त्यांचे काय?

गावाच्या कडेची जमीन, वर्षानुवर्षे ज्वारी-बाजरीची. माहेरी आलेल्या बहिणीला कधी त्या जमिनीचा विषय नसे. मग रस्ता रुंद होतो, शेजारच्या रानात फलक लागतो, गुंठ्याला लाखांचा भाव येतो आणि अचानक भाऊबीजेच्या आधीच भावाचा फोन येतो, ‘अक्का, एक सही हवी होती.’ साडी-चोळी होते, जेवण होते आणि हक्कसोडपत्रावर सही होते. काय लिहिले आहे ते कुणी वाचून दाखवत नाही आणि विचारले तर ‘भावावर विश्वास नाही का?’ असे होते. माहेर तुटेल या धाकाने बहीण सही करते.

कायदा काय म्हणतो ते तरी माहीत असू द्या. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरासाठी हिंदू वारसा कायदा बदलला आणि मुलगी लग्नाची असो वा बिनलग्नाची, जन्मानेच हिस्सेदार झाली. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, यावर बरीच वर्षे घोळ होता. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा खटल्यात तो मिटवला. मुलीचा हक्क जन्माचा आहे, त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असा निकाल दिला. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र यातून सुटतात.

हक्क सोडायचाच असेल, भाऊ अडचणीत असेल, आई-वडिलांना त्याने सांभाळले असेल, तर बहिणीने राजीखुशीने सोडावा. तोही तिचा अधिकारच. पण तो डोळे उघडे ठेवून, किती जमीन, काय भाव, हे समजून सोडावा. दोन हजारांच्या साडीवर दहा-वीस लाखांची सही गेली, असे नको.

आणि घेणाऱ्या बाईनेही हे पाहायचे आहे बरे का! ज्या जमिनीत बहिणींची संमती नाही तिच्यावर उद्या दावा पडू शकतो. तेव्हा प्लॉट घेताना ‘या घरच्या लेकींच्या सह्या झाल्या आहेत का?’ असे आवर्जून विचारा. त्यात त्यांचाही मान राहतो आणि आपलाही पैसा. एका घरची लेक आणि दुसऱ्या घरची सून या व्यवहारात कधी समोरासमोर येत नाहीत, पण एकीची फसवणूक झाली की दुसरीचा प्लॉट धोक्यात येतो.

मग प्लॉट घ्यायचाच नाही का? घ्या, जरूर घ्या. पण विसार देण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात.

सातबारा आता ऑनलाइन मिळतो. तो नुसता पाहू नका, वाचा. ‘भोगवटादार वर्ग १’ लिहिले असेल तर बरे. ‘वर्ग २’ असेल तर ती इनामाची, वतनाची नाहीतर सरकारने दिलेली जमीन असू शकते आणि सहसा परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचे नाव, कोर्टातला दावा काही आहे का ते बघा. जमीन अजून शेतीच असेल तर लक्षात ठेवा, शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. नोकरदाराला नावावर शेती नसेल तर ते खरेदीखतच अडचणीत येते.

त्यानंतर ले-आउटचा मंजूर नकाशा मागा. रंगीत छापील पत्रक नव्हे, तर मंजुरीचा क्रमांक, तारीख आणि सक्षम अधिकाऱ्याचा शिक्का असलेला नकाशा. काही ठिकाणी बिनशेतीच्या परवानगीची अट अलीकडे सैल झाली आहे, त्याचा फायदा घेऊन ‘आता एनए लागत नाही’ असे सांगतात. पण एनएची अट सैल झाली म्हणून ले-आउटची मंजुरी सुटलेली नाही. नकाशात मोकळी जागा कुठे आहे ते बोट ठेवून विचारा आणि मग रानात जाऊन ती जागा पायाने मोजा. तिथे एखादा प्लॉट तर पाडलेला नाही ना?

नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेचे प्लॉट विकायचे तर महारेराकडे नोंदणी लागते. हा नियम फ्लॅटपुरताच आहे असा पुष्कळांचा समज आहे. पण तो प्लॉटलाही आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक असायला हवा, आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर कुणीही तपासू शकते. घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल. आणखी एक, नोंदणीकृत करार झाल्याशिवाय अशा विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘अर्धे आत्ता द्या, कागद दिवाळीनंतर’ म्हणणाऱ्याला हात जोडून नमस्कार करा.

नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हवे, त्याचा फेरफार व्हायला हवा, आणि त्यात आपले नाव हवे. हो, आपले. भिशी तुमची, दागिने तुमचे, मग कागदावर नाव फक्त यांचेच का? दोघांचे नाव लावल्याने संसार मोडत नाही. एक गैरसमजही दूर करते. बाईच्या नावे घेतले की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, असे सांगून प्लॉट गळ्यात मारतात. २०२१ पासूनची ती सवलत राहत्या घरासाठी आहे, मोकळ्या प्लॉटसाठी नाही.

आणि ज्या आधीच अशा वस्तीत राहतात त्यांनी? पहिले म्हणजे आपले सगळे जुने कागद, खरेदीखत, पावत्या, घरपट्टी, वीजबिल, एका फाइलला लावा. व्यवहार १५ ऑक्टोबर २०२४ च्या आधीचा असेल तर एजंटच्या मार्फत न जाता थेट तलाठ्याकडे आणि तहसील कार्यालयात नियमित करण्याची चौकशी करा. शुल्क माफ आहे, हे ठासून सांगा. ‘साहेबांचे वेगळे’ असे कुणी म्हटले तर पावती मागा. एकटीने गेलात तर ‘उद्या या’ ऐकावे लागेल. गल्लीतल्या पंधरा जणी मिळून गेलात तर खुर्च्या मिळतील.

दुसरे काम थोडे जड आहे. गल्ली रुंद करायची तर ती आपल्यालाच करावी लागेल. नवीन कुंपण घालताना, ओटा बांधताना प्रत्येक घराने दोन-दोन हात मागे सरले, तरी दहा फुटांची गल्ली पंधरा-सोळा फुटांची होते. रुग्णवाहिका आत येते, गटाराला जागा होते. आपण मात्र उलटे करतो. शेजारणीने पायरी पुढे काढली की आपण गॅलरी काढतो. विकणाऱ्याने तीस फुटांचे दहा केले, उरलेले दहा आपण खातो. हळदीकुंकवाला, भजनी मंडळात एकत्र येतोच, तिथे हा विषय काढायला काय हरकत आहे? आणि जिथे ले-आउट मंजूर आहे, मोकळी जागा शिल्लक आहे, तिथे त्या जागेवर आधी डोळा ठेवा. पाच झाडे लावली, बाकडे टाकले, पोरे खेळायला लागली की ती जागा गिळायला सहसा कुणी धजावत नाही. निवडणुकीला मते मागायला येणाऱ्यांकडेही मंदिराच्या सभामंडपाआधी गटार मागा.

जमीन वाढत नाही, माणसे वाढतात. तिचे भाग पडणारच, ते थांबवता येणार नाही. पण भाकरीचा घास करतानाही आपण पानावरच्या सगळ्यांचा विचार करतो. जमिनीची वाटणी करताना रस्ता, पाणी आणि घरची लेक एवढ्या तिघांना आधी वाढावे, मग उरलेले विकावे. ‘एक गुंठ्यापासून प्लॉट’ असा फलक दिसला की भाव विचारण्याआधी एवढेच विचारा: उरलेल्या एकोणचाळीस गुंठ्यांत रस्त्याला किती ठेवलेत?